होटगी रस्त्यावरची कुमाऊनी थाळी : आठ महिन्यांचा अनुभव

सोलापुरात होटगी रस्त्यावरून आत वळल्यावर लागणाऱ्या एका वसाहतीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात शनिवारी आणि रविवारी दुपारी कुमाऊनी, म्हणजे उत्तराखंडच्या डोंगराळ कुमाऊं भागातल्या जेवणाची थाळी मिळते. दारावर पाटी नाही, भिंतीवर दरपत्रक नाही आणि काय हवे असे कोणी विचारतही नाही. त्या दिवशी घरात जे शिजले असेल तेच सर्वांच्या पानात येते. ऑगस्टपासून मार्चपर्यंत मी तिथे एकवीस वेळा जेवले आणि सहा-सात वेळा डबा घरी आणला, त्यामुळे या जेवणाविषयी आता जबाबदारीने लिहिता येईल असे मला वाटते.

हे घर चालवणाऱ्या बाई कुमाऊंमधल्या अल्मोड्याजवळच्या एका खेड्यातल्या आहेत. यजमानांची नोकरी होटगीकडच्या वीजनिर्मिती प्रकल्पात असल्याने गेली सहा वर्षे त्या सोलापुरात राहतात. सगळे त्यांना दीदी म्हणतात. मी त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी असूनही माझ्या तोंडी तेच नाव बसले आहे, आणि त्या मला काकू म्हणतात. थाळीचे २२० रुपये आणि डब्याचे १८० रुपये होतात. गुरुवारी संध्याकाळपर्यंत फोन करून सांगावे लागते, कारण एका वेळी आठच माणसे बसू शकतात आणि दीदी तेवढ्यांच्याच हिशेबाने कडधान्य भिजत घालतात.

मी तिथे पहिल्यांदा गेले ते कुतूहलापोटी नव्हे, तर स्वयंपाकाच्या कंटाळ्यापोटी. बँकेतून निवृत्त होऊन मला चार वर्षे झाली, मुलगा आणि सून पुण्यात असतात आणि घरात मी एकटीच असते. एका माणसापुरती आमटी कधी नीट होत नाही, हे एकट्या राहणाऱ्या कोणत्याही बाईला विचारावे. वाटीभर डाळीला फोडणी द्यायला जावे तर तेल जास्त होते, आणि तेल कमी घ्यावे तर मोहरी तडतडायच्या आत जळते. मग हळूहळू फोडणीच बंद होते, आमटीच्या जागी दही येते आणि ताटातली एकेक वाटी कमी होत जाते. शेजारच्या वहिनींनी एका शनिवारी मला जवळजवळ हाताला धरूनच तिकडे नेले.

त्या दिवशी रस-भात होता. गहत, भट आणि राजमा अशी अख्खी कडधान्ये एकत्र भिजवून खूप वेळ उकळतात, मग वरचे दाट पाणी वेगळे काढून त्याला तांदळाची पेस्ट लावतात, तुपात फोडणी देतात आणि ते भातावर घेतात. खाली उरलेली कडधान्ये टाकून न देता वेगळी परतून कोरड्या भाजीसारखी वाढतात. पुरणाची डाळ शिजल्यावर निथळलेल्या पाण्याची कटाची आमटी करणाऱ्या आपल्या घरांना ही रीत समजावून सांगण्याची गरज नाही. रस लोखंडी कढईत शिजतो, म्हणून त्याचा रंग काळपट होतो. तो रंग पाहून मी जरा बिचकले होते, पण पहिल्या घासाबरोबर जी चव आली ती माझ्या इतक्या ओळखीची होती की मी भात कालवायचे थांबले आणि दीदींना विचारले की गहत म्हणजे नेमके काय. त्यांनी आत जाऊन ओंजळभर दाणे आणून दाखवले. ते हुलगे होते.

माझी आई मोहोळ तालुक्यातल्या खेड्यातली. हुलगे खापरात भाजून, जात्यावर दळून ती त्या पिठाचे माडगे करायची. थंडीत गूळ घालून आणि कोणाला सर्दी झाली असेल तर लसूण आणि मीठ घालून. श्रावणातल्या पावसाळी दिवसांत शेंगोळे असायचे. १९७२ च्या दुष्काळात लोकांच्या वाट्याला आयात केलेली मिलो ज्वारी आणि मदतीची सुकडी आली, तेव्हा आमच्या घरात साठवणीचे हुलगे होते आणि त्यावर आमचे कित्येक महिने निघाले. त्यामुळेच असेल, पण पुढे शहरात राहायला आल्यावर आम्ही भावंडांनी हुलगे घरातून जवळजवळ हद्दपार केले. पाहुण्यांना वाढण्याचे ते अन्न नव्हे, असे आमचे आम्हीच ठरवून टाकले होते. आई गेल्यानंतर नऊ वर्षांत माझ्या स्वयंपाकघरात हुलग्यांचा एक दाणा आला नव्हता, आणि ते हुलगे मला अल्मोड्याच्या बाईने तुपाच्या फोडणीसह, मानाने, पहिल्या वाढपात वाढले. मुतखड्यावर कढण म्हणून द्यायचे ते धान्य, एवढीच ओळख आमच्या पिढीने शिल्लक ठेवली होती. तशीच समजूत कुमाऊंमध्येही गहताबद्दल आहे, परंतु तिथे कोणी ते केवळ औषध म्हणून ठेवून दिलेले नाही.

पुढच्या शनिवारी दीदींचा डबा परत करताना मी त्यात माडगे घालून नेले, कारण दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करण्याची आपल्याकडे पद्धत नाही. त्यांनी उभ्या उभ्याच दोन चमचे खाल्ले आणि मग खाली बसून वाटी संपवली.

या स्वयंपाकघरातला सर्वांत मोठा पदार्थ मात्र भटाची चुडकाणी हाच आहे. भट म्हणजे काळे, बारीक सोयाबीन. आपल्या बार्शी भागात पिवळे सोयाबीन भरपूर पिकते, पण ते तेलाच्या गिरणीकडे जाते. ते अख्खे शिजवून जेवायचे असते हे आपल्या मनातही येत नाही. दीदींच्या परवानगीने एकदा मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून चुडकाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. लोखंडी कढईत मोहरीचे तेल धूर निघेपर्यंत तापवून त्यांनी ते थोडे निवू दिले आणि मग न भिजवलेले कोरडे भट त्यात सोडले. पहिला मिनिटभर काहीच होत नाही. नंतर एखादा दाणा टच्‌कन उलतो, त्याची काळी साल फाटून आतला फिकट पिवळा गर दिसतो, आणि मग एकामागून एक सगळी कढई तडतडू लागते. दीदी तेव्हा हात थांबवून फक्त ऐकत होत्या. आवाज विरळ होऊ लागला की दोन चमचे कणीक त्याच तेलात घालून ती तांबूस होईपर्यंत परतायची, आणि मग हळद, धने, मिरची आणि बेताचे पाणी. त्यानंतर मंद आचेवर पाऊण तास. शेवटी जो दाट, हिरवट काळा रस तयार होतो, त्यात दाणा बोटाने चेपला जाईल इतका मऊ असतो, पण त्याची साल दाताखाली जाणवते. भाजलेल्या कणकेचा वास, भटाचा खमंगपणा आणि लोखंडाची किंचित तुरट चव यांखेरीज त्यात काही नाही. कांदा नाही, खोबरे नाही आणि आपला काळा मसालाही नाही.

इथे सोलापूरकरांना एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या जिभेला काळ्या मसाल्याची आणि लसणीच्या तिखटाची सवय आहे, त्यामुळे या जेवणाचे पहिले तीन-चार घास फिके लागतात. एक गृहस्थ पहिल्याच दिवशी घरून शेंगाचटणीची डबी घेऊन आले होते आणि त्यांनी चुडकाणीत दोन चमचे चटणी कालवली. दीदींनी काही म्हटले नाही, पण मला ते मनापासून पटले नाही. शेंगाचटणी माझ्याही जिवाभावाची आहे, तथापि तिच्यापुढे दुसरी चव टिकत नाही, आणि चुडकाणी खायला येऊन शेंगाचटणीच खायची असेल तर ती घरीही खाता येते. पाचव्या-सहाव्या घासाला जीभ शांत होते आणि मग भटाची चव उलगडू लागते. तेवढा वेळ त्या पानाला द्यावा, एवढीच माझी विनंती आहे.

तिखटाची हौस असणाऱ्यांसाठी पानात दोन गोष्टी असतातच. एक म्हणजे पिस्यू लूण, अर्थात लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबीर यांच्याबरोबर पाट्यावर वाटलेले मीठ. दुसरी म्हणजे भांगेच्या बियांची चटणी. या चटणीच्या नावानेच आमच्या ओळखीतल्या दोघी-तिघींनी तिथे जायचे टाळले, म्हणून स्पष्ट लिहिते की या बियांना नशा नसते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातही शेंड्यांपासून वेगळ्या असलेल्या नुसत्या बियांना गांजाच्या व्याख्येतून वगळले आहे. दीदी त्या बिया कोरड्या भाजतात, जिरे आणि लाल मिरचीबरोबर वाटतात आणि वर लिंबू पिळतात. वाटता वाटता बियांना तेल सुटते आणि चटणी करड्या रंगाची, लोण्यासारखी मऊ होते. उखळात कांडलेल्या शेंगाचटणीला जसे तेल सुटते, तसाच हा प्रकार आहे. मिक्सरमध्ये बियांची सालपटे तशीच राहून दातांत अडकतात, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि म्हणून सोलापुरात आल्यावर त्यांनी पहिली खरेदी कोणती केली असेल तर ती पाटा-वरवंट्याची. वडाराकडून त्या पाट्याला त्या दर दिवाळीआधी टाकी लावून घेतात. आमच्या गल्लीतले किती पाटे आज कुंड्यांखाली गेले आहेत, याची मला त्या दिवशी फार खंत वाटली. चटणी मात्र पानात चमचाभरच येते. ती थोडी अधिक वाढावी, त्यासाठी दहा रुपये जास्त घेतले तरी चालतील, असे मी त्यांना सांगितले आहे.

फोडणीला त्या जंबू वापरतात. हिमालयाच्या उंच भागात उगवणाऱ्या, कांद्या-लसणाच्या कुळातल्या एका वनस्पतीची ही वाळवलेली पात आहे. चिमूटभर पात गरम तुपात टाकली की क्षणात काळी होते आणि घरभर असा वास सुटतो की तो लसणीचाही वाटतो आणि हिंगाचाही. माहेराहून वर्षातून एकदा येणारी जंबूची पुडी त्या काचेच्या बरणीत, गच्च फिरकीच्या झाकणाखाली ठेवतात आणि बरणी उघडल्यावर लगेच मिटतात.

रविवारी भाताऐवजी मडुव्याची रोटी असते. मडुवा म्हणजे आपली नाचणी. कुमाऊंमध्ये साधारणपणे दुपारी भात आणि रात्री रोटी असा क्रम असतो, पण रविवारी येणाऱ्या सोलापूरकरांना भाकरीशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही, हे ओळखून दीदींनी तेवढा बदल केला आहे. रोटी गरम असताना तूप आणि गुळाबरोबर फार चांगली लागते, मात्र गार झाल्यावर चिवट होते, म्हणून रविवारी एक वाजायच्या आत पोचावे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपल्याला केवढा अभिमान वाटला होता. उत्तराखंडच्या मडुव्याला, गहताला आणि काळ्या भटाला ते २०२३ मध्ये मिळाले, हे दीदींच्या यजमानांनी मला तशाच अभिमानाने सांगितले.

आता उणिवा. बटाट्याचे गुटके, म्हणजे उकडलेल्या बटाट्याच्या फोडी मोहरीच्या तेलात खरपूस परतून केलेली कोरडी भाजी, इथे मनासारखी होत नाही. शीतगृहातून आलेल्या बटाट्याला गोडसर चव येते आणि ती मिरचीने झाकली जात नाही. हा दोष दीदींच्या हाताचा नाही, पण पदार्थ पानात येतो तेव्हा तो सांगितलाच पाहिजे. झोली नावाची त्यांची पातळ कढी मला सहा वेळा खाऊनही आवडलेली नाही. काकडीच्या रायत्यात कच्ची मोहरी वाटून घालतात आणि ती नाकात झणझणते; मला हे रायते आवडते, पण लहान मुलांना देताना जपावे. जेवणाच्या खोलीत एकच पंखा आहे आणि मार्चच्या दुपारी तो पुरत नाही. डबा घरी नेल्यास चुडकाणी घट्ट होते, तेव्हा अर्धी वाटी उकळते पाणी घालून ती मंद आचेवर सारखी करावी; थंड पाणी घातले तर कणीक वेगळी पडते.

डिसेंबरात एकदा अल्मोड्याहून निघालेले भटाचे पार्सल वाटेतच कुठेतरी गहाळ झाले. दीदींनी शुक्रवारी रात्री प्रत्येकाला स्वतः फोन करून सांगितले की उद्या चुडकाणी नसेल, पालकाचा कापा असेल आणि थाळीचे वीस रुपये कमी घेतले जातील. बाजारातले पिवळे सोयाबीन वापरून तोच पदार्थ त्यांना सहज वाढता आला असता आणि आमच्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आले नसते. तांदळाच्या पिठाने दाट केलेला तो कापा आपल्या पालकाच्या पातळ भाजीचा जवळचा नातेवाईक निघाला आणि त्या दिवशी सगळी भांडी घासल्यासारखी रिकामी झाली.

काही वेळा जेवण उशिरा मिळते. त्याचे कारण बहुतेक वेळा पाणी असते, आणि हे कारण सोलापुरात कोणाला पटवून द्यावे लागत नाही. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते. बोअरच्या जड पाण्यात भट आणि गहत तासन्‌तास शिजत नाहीत, म्हणून दीदी कडधान्यांसाठी नळाचेच पाणी साठवून ठेवतात. पाण्याचा दिवस शनिवारी आला की सकाळची दोन तास कामे अडतात आणि थाळी दीडच्या पुढे जाते. अशाच एका शनिवारी मी लवकर पोचले तेव्हा त्या पिंप भरत होत्या, म्हणून मीही पदर खोचून घागरी आत नेऊ लागले. काम करता करता त्या त्यांच्या गावच्या नौल्याविषयी बोलत होत्या. नौला म्हणजे डोंगरातून झिरपणारे पाणी साठवणारी, वर छप्पर आणि आत पायऱ्या असलेली दगडी बांधणी, आपल्या बारवेची धाकटी बहीण म्हणावी अशी. शाळेत जाण्यापूर्वी त्यांच्या दोन खेपा व्हायच्या आणि पाण्याच्या त्या वाटेवरच गावातल्या बायकांच्या सगळ्या गोष्टी बोलून व्हायच्या. अल्मोडा समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी शंभर अंशांच्या खालीच उकळते, म्हणून डाळीला जास्त वेळ लागतो. सोलापूर त्या मानाने खूप सखल, त्यामुळे इथे आल्यावर त्यांच्या हाताचे सगळे अंदाज चुकू लागले आणि पहिले सहा महिने रस एकतर गाळ व्हायचा किंवा बोअरच्या पाण्याने कच्चा राहायचा. लग्नानंतर पुण्याहून सोलापुरात आलेल्या माझ्या एका मैत्रिणीला ज्वारीची भाकरी साधायला वर्ष लागले होते, ते मला आठवले. दुसऱ्या गावात गेलेल्या बाईला आधी पाणी शिकावे लागते आणि मग पीठ. हे मी दीदींना सांगितले तेव्हा त्या घागर खाली ठेवून खूप हसल्या.

त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरातही थोडे बदलले आहे. दर बुधवारी मी हुलगे भिजत घालते, आईची लोखंडी कढई माळ्यावरून खाली काढली आहे आणि एका माणसापुरत्या आमटीवरचा उपाय दीदींनीच सांगितला आहे. फोडणी भांड्यात करायचीच नाही, तर ती लोखंडी पळीत वेगळी करून आमटीत ती पळीच बुडवायची. तेल अर्धा चमचा लागते आणि मोहरी जळत नाही.

संक्रांतीच्या घुघुत्यांविषयी लिहून थांबते, कारण त्यांची चौकशी अनेकांनी माझ्याकडे केली आहे. गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या कणकेचे पक्षी, डमरू, ढाल, तलवार, डाळिंबाचे फूल असे आकार करून तळतात, मध्ये संत्रे ओवून त्यांची माळ करतात आणि ती घरातल्या मुलांच्या गळ्यात घालतात. सरयू नदीच्या पलीकडच्या गावांत घुघुते आदल्या दिवशी होतात आणि संक्रांतीच्या सकाळी कावळ्यांना घालतात. दीदींचे माहेर अलीकडचे, म्हणून त्या संक्रांतीच्या संध्याकाळी तळतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मुले कावळ्यांना हाका मारतात. यंदा १४ जानेवारीला सिद्धेश्वरांच्या यात्रेतले होमप्रदीपन पाहून आम्ही रात्री उशिरा परतलो आणि १५ तारखेला पहाटे मी त्यांच्या गच्चीवर होते. आपण कावळ्याची वाट पाहतो ती दहाव्याला आणि पितृपंधरवड्यात, मान खाली घालून, हळू आवाजात. तिथे तीन लहान मुले माळा घालून, थंडीत नाक ओढत, एवढ्या मोठ्याने कावळ्यांना बोलावत होती की समोरच्या इमारतीतले लोक खिडक्यांत आले. दोन कावळे पाण्याच्या टाकीवर येऊन बसले आणि त्यांतल्या एकाने कठड्यावरची ढाल उचलून नेली.

घुघुते विकत मिळत नाहीत, परंतु नेहमी जेवायला येणाऱ्यांच्या घरी मुले असतील तर दीदी त्यांच्यासाठी माळ करतात. मात्र त्यासाठी १० जानेवारीच्या आत सांगावे. यंदा मी नातीसाठी १२ तारखेला फोन केला, तेव्हा माळा मोजून झाल्या होत्या. तरी त्यांनी एक डमरू आणि दोन पक्षी कागदात बांधून ठेवले होते.